तुमची मशीन उघडली

सुनीलचे बाबा, तुम्ही गेले त्याला दोन महिने झाले. लोक म्हणतात, बाई रडली नाही. विहारातल्या बाया समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आता रडीन, मग रडीन. मला टाइम नव्हता. तुम्ही गेले तेव्हा कोर्टाची तारीख एकवीस दिवसांवर होती अन् तुमची मशीन बंद पडलेली होती.

विहाराच्या पुस्तिकेसाठी कमिटीवाल्यांनी लिहून मागितलं. म्हणे बाबूजी फॅक्टरीत कोणत्या सालापासून होते, रिटायर कधी झाले, समाजाचं काय काय काम केलं, ते लिहून द्या. ते सगळं कमिटीच्या रजिस्टरात आहे, तिथून घ्या म्हटलं. मला दुसरं बोलायचं आहे. मी चौथी शिकली, माझ्या हातानं लिहायला वर्ष लागेल. म्हणून मी बोलून राहिली अन् आपली सून प्रतिभा लिहून राहिली. मधातच ती पेन थांबवते. म्हणते, "आई, हे नको ना लिहायला, लोक वाचतील." लोकांनीच वाचावं म्हणून सांगून राहिली. लिही, म्हटलं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नाही, म्हणून पहिलेपासून सांगते.

आपण हिंदी मुलखातले मराठी लोक. आपला सुनील शहपुऱ्याकडं गिट्टीच्या क्रशरवर, खडी फोडतात तिथं, मेकॅनिक होता. सहा वर्षांआधी पट्ट्यात त्याचा हात गेला, अन् हाताच्या मागं तो गेला. पट्ट्यावर जाळी असते, ती त्या दिवशी नव्हती. सेठानं पोलिसांच्या कागदावर लिहून दिलं की लडका शराब पीकर मशीन पर चढ़ा था. तिथं लाइनवर अजून एकच माणूस होता, गोविंद, पाटनच्या पुढच्या गावचा. त्यानं पहिल्याच महिन्यात तुम्हाला खरं सांगितलं अन् तुम्ही ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. मग तोच गोविंद फिरला. सेठाच्या नोकरीत होता, सेठाच्या कागदावर त्यानं सही केली की हाँ, पिए था.

सेठानं समझौत्याला दोनदा माणूस पाठवला. तुम्ही दोन्हीदा त्याला चहा पाजला अन् एकच गोष्ट म्हटली, "पहले वो एक शब्द काट दो, फिर बैठेंगे." त्या शब्दाशिवाय सेठ वाचत नव्हता, म्हणून त्यानं तो काटला नाही. अन् त्या शब्दासोबत आपल्याला जगता येत नव्हतं.

काहून येत नव्हतं, ते सांगते. दर रविवारी विहारात पंचशील तुम्हीच म्हणायचे अन् मागून सगळे म्हणायचे. पाचवं शील आलं, दारू पिणार नाही ते, की तुमचा आवाज अडकायचा. थोडासाच. मी बायांच्या रांगेत बसून वाट पाहायची, निघते का नाही. दर वेळी निघायचा. पण तेवढ्या वेळात कोण कोणाकडं पाहते ते मी पाहत होती. दोघंजण एकमेकांकडं पाहायचे. एक तं हसला होता एकदा. त्यांची नावं मला पाठ आहेत. प्रतिभा म्हणते, नाव नाही लिहिणार. नको लिहू. त्यांना समजते.

आता तुमची मशीन.

ते कॉम्प्युटर तुम्ही जुनं घेतलं होतं, शाळेतल्या मास्तरकडून. माझ्या शिलाई मशीनच्या बाजूच्या टेबलावर ठेवलं. मोबाइल भरला की त्यातलं सगळं तिकडं टाकून मोबाइल रिकामा करायचे. मी त्याला कपडा शिवून दिला, झालरवाला, अन् मलाच तुम्ही त्याच्यावरची धूळ पुसू देत नव्हते. "हात नको लावू वं. सुनीलचं आहे त्याच्यात." सुनील काय एकट्या तुमचा होता? मी नऊ महिने ठेवला तो कोणत्या मशीनमध्ये ठेवला होता? हे मी तेव्हा नाही म्हटलं. आता म्हणते.

प्रतिभानं किती वेळा सांगितलं, "बाबूजी, एक कॉपी अजून करून ठेवा. वकील साहेबांना द्या." तुम्ही नाही म्हटलं. वकिलाच्या मुन्शीवर भरोसा नाही, दुकानवाल्यावर नाही. तारखेच्या दिवशी स्वतः घेऊन जाईन, त्याच्या पहिले कोणाला नाही. चाळीस वर्षं लोखंडात काम केलेला माणूस. तुमच्या हिशेबानं जी वस्तू आपल्या घरात, आपल्या टेबलावर, ती पक्की.

मग जयंती आली. दरवर्षीसारखी कमिटीची पेन ड्राइव्ह घरोघरी फिरून राहिली. कोणी गाणे टाकते, कोणी काढते, डीजेवाल्याकडं जाते, ऑटोवाल्याकडं जाते, पुन्हा कमिटीत येते. कितीक वर्षांपासून तीच आहे, निळी, सुतळी बांधलेली. रॅलीतल्या गाण्यांचा नंबर लावायचं काम तुमच्याकडं. प्रतिभा भाकरी टाकता टाकता ओरडली, "बाबूजी, ती लावू नका, बारा घरची फिरलेली आहे! आधी साफ करावी लागते!"

तुम्ही काय म्हटलं? "जयंतीच्या गाण्यानं कोणाचं काही बिघडते का बेटा?"

लावली. गाणे निघाले, रॅली झाली, तुम्ही पांढरे कपडे घालून सगळ्याच्या पुढं चालले. दुसऱ्या दिवशी मशीन उघडली तं पडद्यावरच्या सगळ्या डब्ब्यांवर, प्रतिभा त्यांना फोल्डर म्हणते, छोटा बाण आला होता. बाण दाबला की काही नाही. रिकामं. मशीन आतून घरघर करून राहिली, गरम होऊन राहिली. दुसरा माणूस असता तं कोणाला विचारलं असतं. तुम्ही फिटर. तुम्ही पेचकस घेऊन तिचं पोट उघडलं, म्हटलं पंखा जाम झाला, आवाज बेअरिंगचा आहे, अन् माझ्या शिलाई मशीनच्या कुप्पीतलं तेल त्याच्यात टाकलं. मी पाहत होती. मला वाटलं, बरोबर करत असतील.

सकाळी ती चालूच नाही झाली.

तुम्ही तिच्यासमोर गुडघ्यावर हात ठेवून बसले. जेवायला बोलावलं तं आले नाही. प्रतिभानं म्हटलं, दुकानात दाखवू. नाही. मी म्हटलं, मग काय तिची वंदना करता? तुम्ही माझ्याकडं असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून आली. अकराव्या दिवशी तुमच्या छातीत दुखलं. दवाखान्यात मी बाजूला बसली होती, तुम्ही डोळे उघडले, मला वाटलं आता काही बोलतील माझ्यासाठी. बेचाळीस वर्षांचा संसार. तुम्ही म्हटलं, "मशीन दुकानात नको देऊ."

बस. तेच शेवटचं.

म्हणून म्हणते, पहिला राग तुमच्यावर. एकच जागा ठेवली, तीही बिघडवली, अन् मग आपण निघून गेले. सेठाला तं बसल्या जागी जिंकवून दिलं होतं तुम्ही.

तुमचं पुण्यानुमोदन झालं. लोक खीर खाऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी मशीनचा कपडा काढला अन् प्रतिभाला म्हटलं, ऑटो बोलव. तुमची गोष्ट मी मानली नाही. रांझीच्या बाजारातल्या दुकानात घेऊन गेली. दुकानवाल्यानं वायर लावली, दोनदा बटण दाबलं, कान लावून ऐकल्यासारखा तिच्यावर वाकला.

"अम्मा, इसमें वायरस भी है और तेल भी है," म्हणे. "फॉरमेट मार देते हैं. शाम को ले जाना, एकदम नई जैसी."

मी म्हटलं, "अंदर का?"

"अंदर का सब साफ."

"साफ मतलब राहीन का नाही?"

"साफ मतलब साफ, अम्मा. आप तो भजन ही सुनोगी न, मैं नए डाल दूँगा."

मी त्याच्या हाताखालून वायर ओढली. तो "अरे अरे, झटका लगेगा" करून राहिला. लागू दे म्हटलं. तुमच्या शालीत गुंडाळून तिला मांडीवर घेऊन मी परत आली. तेव्हा मला पटलं की तुम्ही दुकानाचं बरोबर म्हणत होते. एक तुमचं बरोबर निघालं. लिही प्रतिभा, हेही लिही.

प्रतिभा शाळेत मुलांचं जेवण बनवते. तिथल्या मास्तरीणबाईंनी पत्ता दिला, गढ्याला रजनी दीदी म्हणून आहे, घरीच हे काम करते. पन्नाशीची बाई, केस मेंदीनं लाल, चष्मा दोरीला. समोरच्या खोलीत चार मशीनी उघड्या पडलेल्या अन् त्यांच्या मधात मांजर झोपलेली. तिनं आपली मशीन उघडली अन् बोट फिरवून वास घेतला.

"ये तेल किसने डाला?"

"माझ्या मिस्टरनं."

"किस चीज का?"

"सिलाई मशीनचं."

ती इतकी हसली की मांजर उठून गेली. "अम्मा, तीस साल में पहली बार देखा. उनको लाना एक दिन मेरे पास, डाँट लगानी है."

मी म्हटलं, "ते गेले दीदी. पंधरा दिवस झाले."

तिनं चष्मा काढून पुसला. मग कापूस घेऊन तुमचं तेल पुसत बसली, कितीतरी वेळ. कोणाच्या घावावरून पुसते तसं.

मग तिनं आतून एक चपटी डबी काढली. म्हणे, जे काही आहे ते ह्याच्यात आहे, बाकी मशीन मेली तरी चालते. ती डबी तिनं आपल्या मशीनला वायरनं जोडली, पण त्याच्या पहिले इंटरनेट बंद केलं. "बीमार को घर में लाओ तो पहले दरवाजा बंद करते हैं न, वैसे." पडद्यावर तेच बाण दिसले. मी म्हटलं, पाहा, सगळं गेलं, बाणच राहिले.

"गया नहीं है अम्मा. ये वायरस खाता नहीं है, छुपाता है. असली को पीछे छुपा दिया, आगे नकली रख दिया. लोग नकली को दबाते हैं, खाली दिखता है, रो-धो के फॉरमेट करा देते हैं. असली तब जाता है."

मी तिला म्हटलं, "दीदी, मी एका माणसाला ओळखते, तो असंच करते." तिला वाटलं मी कोणा नातेवाइकाचं म्हणून राहिली. मी सेठाचं म्हणत होती. खरं मागं लपवलं अन् पुढं दारू ठेवली.

तिनं काळ्या पडद्यावर काही लिहिलं. एक ओळ, लहानशी. अन् बाणांच्या मागून एकेक डब्बा वर आला, फिक्कट, जसे धुतलेले कपडे. प्रतिभानं माझा हात धरला. तिची नखं लागली मला.

पण तुम्ही काही सरळ थोडी ठेवता! एकाही डब्ब्यावर कोणाचं नाव नाही. जॉब नंबर एक, जॉब नंबर दोन, जॉब नंबर छप्पन. फॅक्टरीत जॉब कार्डवर लिहायचे तसं. कोणता जॉब कोणाचा ते फक्त तुमच्या डोक्यात, अन् डोकं तं तुम्ही घेऊन गेले. रजनी दीदी म्हणे, सगळे ऐकावे लागतील. दोन दिवस आम्ही तिच्या घरी सकाळी जायचो अन् संध्याकाळी यायचो. मी डब्यात भाजी-भाकरी न्यायची, तिघी मिळून खायचो.

काय काय निघालं त्याच्यातून. विहारातली वंदना, पाऊस पडल्याचा आवाज, कमिटीची भांडणं. अन् एका जॉबमध्ये मी निघाली.

तुम्ही म्हणून राहिले, "काय वं, काही बोल. पाहू दे आवाज येते का."

"काय बोलू? भाजी लागून राहिली खाली."

"बोल नं. तुझं नाव सांग."

"छत्तीस वर्षं झाले, आता नाव विचारता?"

अन् तुम्ही हसले. त्याच्यात तुम्ही हसले, सुनीलचे बाबा. सुनील गेल्यावरचं आहे ते, कारण त्याच्या पहिले तो मोबाइलच नव्हता. मला वाटत होतं त्याच्यानंतर आपण घरात हसलोच नाही. दीदीनं विचारलं, "इसको हटा दूँ?" म्हटलं, खबरदार.

गोविंद दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला. जॉब नंबर एकतीस. सुनीलचं वय होतं ते. हे मला ऐकल्यावर समजलं, नाहीतर पहिल्याच दिवशी उघडलं असतं.

त्याचा आवाज साफ होता. "दादा, पिए नहीं था. सुबह मेरे साथ चाय पी, बस. जाली सेठ ने निकलवाई थी, पत्थर फँसता था तो खोलने में टाइम जाता था. सुनील भैया ने दो बार बोला जाली लगाओ." तुम्ही विचारलं, कोर्टात बोलशील? "बोलूँगा दादा. माँ कसम बोलूँगा." तो रडून राहिला होता. प्रतिभा उठून अंगणात गेली. मला वाटलं झालं, भेटलं. दीदीचा हात बंद करायला गेला अन् त्याच्यातून तुमचा आवाज आला. हळू.

"वो नहीं जा रहा था गोविंद. दो दिन पहले से बोल रहा था, बाबा, जाली नहीं है, मैं नहीं जाता. मैंने भेजा. मैंने बोला, फिटर का लड़का है, मशीन से डरता है क्या."

सहा वर्षं. सुनीलचे बाबा, सहा वर्षं मी तुम्हाला विचारत होती, तुम्ही काही म्हटलं होतं का त्याला? अन् तुम्ही दर वेळी म्हणायचे, नाही, तो त्याच्या मनानं गेला. आपलं सगळ्यात मोठं भांडण तेच होतं. जेवता जेवता ताट सरकवून उठायचे तुम्ही. मला खोटं पाडलं, अन् त्या परक्या माणसाला खरं सांगितलं. ज्याला पहिल्यांदा भेटले त्याला. म्हणून तुम्ही मला कपड्यालाही हात लावू देत नव्हते. त्याच्यात सुनील नव्हता, तुम्ही होते.

मी दीदीच्या घरून पाणी न पिता उठली. दोन दिवस तुमच्या फोटोला फूल नाही वाहिलं. प्रतिभानं वाहिलं तं मी काढून घेतलं.

पण आता माझंही घ्या. प्रतिभा, लिही, थांबू नको. त्या दिवशी मी दारात उभी होती, सुनीलचा डबा हातात. तुमचं "डरता है क्या" मी ऐकलं होतं. माझ्या कानानं. सुनीलनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणू शकत होती, नको जाऊ. मी म्हटलं, "डबा घे, उशीर होऊन राहिला." सहा वर्षं मी तुम्हाला विचारत होती, जे मला माहीत होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे मला माझं सांगावं लागलं नसतं.

आपण दोघं मिळून जाळी नव्हती काढली. जाळी सेठानं काढली. हे मला पक्कं समजते, अन् म्हणूनच मी उठली. आपण एकमेकांवर राग काढत बसलो अन् तो माणूस सहा वर्षं शांत झोपला.

रजनी दीदीनं तीन कॉप्या करून दिल्या. तीन, ऐकता का? एक वकिलाला, एक प्रतिभाजवळ, एक माझ्या पेटीत. अन् एक कागद लिहून दिला की हा आवाज ह्याच मशीनमधून मी काढला, काही कमी-जास्त केलं नाही, खाली सही. मी तिचे पाय धरायला गेली तं ओरडली, "अम्मा, उमर देखो अपनी!"

वकील साहेबांनी ऐकलं अन् खुर्चीवरून उठले. म्हणे, आता गोविंदाला कोर्टात हे ऐकवू, पाहू कसा नाही म्हणते. अन् मला म्हणे, "एक बात अम्मा, गवाह के घर मत जाना. बिलकुल नहीं."

मी हो म्हटलं. अन् दुसऱ्या दिवशी पाटनच्या बसमध्ये बसली. प्रतिभा डोक्याला हात लावून मागून आली. "आई, वकील साहेब नको बोलले होते ना!" म्हटलं, मी चौथी शिकली, मला कायदा समजत नाही.

गोविंद घरीच होता. मला ओळखलं. उभाच राहिला. त्याच्या बायकोला काही माहीत नव्हतं, तिनं खाट टाकली, पाणी आणलं. पाणी मी प्याली, उन्हातून गेली होती. मग प्रतिभाला म्हटलं, मोबाइलवर लाव.

त्याच्याच अंगणात त्याचाच आवाज. पिए नहीं था. माँ कसम बोलूँगा. त्याची बायको तांब्या धरून तशीच उभी. मग त्याच्याकडं पाहून म्हणे, "तुम तो बोले थे वो पिया था."

त्यानं तोंड फिरवलं.

"हमसे बोले थे. मोड़ा-मोड़ी से, अपने बच्चों से भी यही बोले थे."

"बंद कर दो अम्मा," तो मला म्हणे.

मी म्हटलं, "पुन्हा लाव."

तीनदा ऐकवलं त्याला. तिसऱ्यांदा तो खाली बसला. म्हणे, "सेठ काम से निकाल देगा अम्मा, खाएँगे क्या?" मी म्हटलं, सहा साल मैंने क्या खाया, तू कभी पूछने आया? मला दया आली नाही. तुम्हाला आली असती, तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता, म्हटलं असतं गरीब आहे, दबला. मला सगळं दिसत होतं, फाटकी गंजी, चुलीवरचा भाताचा एकच गंज, सगळं. दिसून दया नाही आली. माझं पोरगं त्याच्यासोबत चहा पिऊन, कप ठेवून गेलं होतं.

निघताना एवढंच म्हटलं, "तारीख बुधवारी आहे. तू ये, नाहीतर नको येऊ. हा आवाज येणार."

बुधवारी आला तो. सेठाच्या वकिलाच्या मागं उभा होता. मी समोरच्या बाकावर बसली, सेठापासून दोन हातांवर. सेठ मला ओळखत नव्हता. सहा वर्षांत त्यानं मला पाहिलंच नव्हतं. कोर्टात तुम्हीच जायचे, मला घरी ठेवून.

आपल्या वकिलानं विचारलं, सुनील शराब पिए हुए था? गोविंद सेठाच्या वकिलाकडं पाहून राहिला. पुन्हा विचारलं. वकील साहेबांनी दीदीचा कागद वर केला, म्हणे साहब, एक रिकॉर्डिंग है. गोविंदानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळा हलवला नाही.

"मत चलाइए," तो म्हणे. "आवाज मेरी है. वो पिए नहीं था. जाली सेठ ने निकलवाई थी."

सेठाचा वकील उठला, ओरडला, टेबलावर हात मारला. जज साहेबांनी त्याला बसवलं. बाजूचा बाबू टकटक टाइप करून राहिला. मी प्रतिभाला विचारलं, काय लिहिलं? तिनं पुढं वाकून पाहिलं अन् माझ्या कानात वाचून दाखवलं. शराब पिए हुए नहीं था. म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं.

केस संपली नाही. पुढची तारीख सेठाची आहे, त्याला स्वतः उभं राहावं लागेल. कमिटीतले दोघं परवा घरी आले, तेच दोघं. म्हणे, झालं वहिनी, शब्द निघाला, आता सोडून द्या, बाबूजींनी मैत्रीच शिकवली, वैर नाही. मी म्हटलं, बाबूजींची मैत्री बाबूजीसोबत गेली. चहा घ्या अन् जा. सेठाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सोडत नाही. तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. नका आवडू देऊ.

त्या बुधवारी बाहेर निघालो तं गोविंद पायरीवर माझ्यासमोर वाकला. "अम्मा, माफ कर दो." मी पाय मागं घेतले. म्हटलं, "उठ. पाटनची बस जाईल तुझी." तो डोळे पुसत गेला. माफ नाही केलं. करीन का, ते मलाच माहीत नाही.

मग सेठ निघाला. पांढरे बूट, मागं दोन माणसं. दाराजवळचा रस्ता अरुंद आहे अन् एका बाजूला कूलरच्या पाण्यानं चिखल झालेला. त्याची गाडी पलीकडं उभी होती अन् मधात मी. त्याच्या माणसानं म्हटलं, "ओ माताजी, साइड." मी ऐकलं. प्रतिभा माझा पदर ओढून राहिली, "आई, चला ना." मी हटली नाही. मी सेठाच्या तोंडाकडं पाहिलं, अन् मी कोण ते तेव्हा त्याला समजलं. त्यानं खाली पाहिलं. मग तो चिखलात उतरला अन् माझ्या बाजूनं वळसा घालून गेला.

सुनीलचे बाबा, तुम्ही पाहायला पाहिजे होते.